कोठी मी उघडी टाकली होती, आक्का

आक्का,

शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची सून तुम्हाला वाचून दाखवेल. तेव्हा ओटीवर दादा असतील, शेजारची दोन-चार माणसंही टेकलेली असतील. असू देत. त्यांच्यादेखतच वाचायला सांगा. म्हणून तर ते पाकिटात न घालता असं चारचौघांत लिहितेय.

2024 च्या मे महिन्यात मी तुमच्याकडे आले. जुनी नोकरी सुटली होती, नवी ऑगस्टमध्ये सुरू व्हायची होती. मधले दहा आठवडे घरी बसून काढले असते तर आईने माझी तीन तरी स्थळं बघितली असती. तुमच्या सुनेची मैत्रीण आमच्या ऑफिसात होती, तिनं सुचवलं, अकोले तालुक्यात जा, त्यांना हाताखाली माणूस हवंय. दोन वेळचं जेवण, झोपायला माळा, बदल्यात पडेल ते काम. ठाण्याहून कसारा लोकल, तिथून जीपने घोटी, घोटीहून राजूरची एसटी. उतरले तेव्हा पाठीवर सॅक आणि पायांत कोरे करकरीत गमबूट. तुम्ही आधी बुटांकडे पाहिलंत, मग माझ्याकडे.

"पाऊस जूनात येतो, ताई."

मग विचारलंत, काय काय येतं. मी म्हटलं, हिशेब येतो, लोकांच्या वह्यांतल्या चुका शोधायचं काम करते. तुम्ही गोठ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "मग उद्यापासनं शेण मोज."

मला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हतीच ती. चार गाया, दोन बैल, अकरा शेळ्या, आणि त्यांचं रोज सकाळी सात घमेली शेण. आठवं घमेलं भरलं की तुम्ही विचारायचात, कुणाचं पातळ होतं? पहिल्या पावसाचं कोवळं गवत एकदम पोटात गेलं की जनावर हगवतं, म्हणून आधी भाताचा पेंढा टाकायचा, पोटाला आधार झाला की मग चरायला सोडायचं. (त्याला मी पंधरा दिवस कडबा म्हणत होते. कडबा ज्वारीचा, हे तुम्ही मला तीनदा सांगितलंत आणि चौथ्यांदा नाद सोडलात.) शेण घट्ट, पातळ, शेमाळ, आंबूस वासाचं, यावरून तुम्ही प्रत्येकीचा कालचा दिवस सांगायचात. माझ्या धंद्यात याला ऑडिटच म्हणतात.

इथं परत आल्यापासून जो तो विचारतो, शेतावर राहून मन शांत झालं असेल ना गं? काय सांगू त्यांना? पहाटे साडेपाचला शेणात हात घातल्यावर शांतीबिंती काही वाटत नाही, मनगट दुखतं. शिवाय पहिले पंधरा दिवस मी तुमचं एकही काम कमी केलं नाही, उलट वाढवलं. तुम्ही तुमचं काम करून वर मला सांभाळत होतात. मी दावं बांधलं की तुम्ही नकळत मागून येऊन ते सोडून पुन्हा बांधायचात. तुम्हाला वाटायचं, मला कळत नाहीये. पण कळत होतं. हिशेबच मांडायचा तर जून निम्मा होईपर्यंत मी तुमच्या घराला देणं लागत होते. हात मदतीला आले की मदत झालीच असं नसतं, आणि शिकवणाऱ्याचा वेळ कुणी मोजतही नाही. तो मला पहिल्यांदा मांडायचाय. रोजचा निदान दीड तास.

त्यातला अर्धा तास हरणीच्या कासेखाली गेला. मी अंगठा मुडपून धार काढायचे. तुम्ही माझा अंगठा धरून सरळ केलात आणि म्हणालात, असं काढलंस तर सडाला गाठी होतील. पूर्ण मुठीत सड घ्यायचा, वरून बोटं एकेक करत मिटत खाली यायचं, ओढायचं नाही. आधी वासरू लावायचं, गायीनं पान्हा सोडला की त्याला बाजूला घ्यायचं, आणि मग पाच-सात मिनिटांत काम उरकायचं, कारण पान्हा काही आपल्यासाठी थांबत नाही. हरणी माझ्या हाताला नऊ दिवस पान्हवली नाही. दूध वर चढवून ठेवायची आणि मान वळवून माझ्याकडे बघायची. दहाव्या दिवशी तुम्ही मला तुमचं जुनं लुगडं खांद्यावर टाकायला दिलंत. तिला वाटलं तुम्हीच. तिला फसवल्याचं मला थोडं वाईट वाटलं, पण त्या दिवशी भांड्यात सुरसुर आवाज आला, फेस वर आला आणि मी वेड्यासारखी हसत सुटले. आठवडाभरानं लुगड्याविनाच तिनं दूध सोडलं. दीडच लिटर. डांगी गाय दुधाची नव्हेच, बैलांसाठी आणि पावसासाठी पाळायची, हे मला आता ठाऊक आहे. पण त्या दीड लिटरचा मला आयुष्यातल्या कुठल्याही पगारवाढीपेक्षा जास्त गर्व झाला होता, हेही लिहून ठेवते.

आणि पावसाचं तर तुम्ही गावभर केलंत! पहिली मोठी सर आली तेव्हा मी खाचराच्या बांधावर होते. डोक्यावर पोतं घेतलं आणि धावत जाऊन हरणीचा कासरा सोडायला लागले, भिजून आजारी पडेल म्हणून. ती जागची हलेना. मी ओढतेय, ती उभी. तुम्ही दारातून ओरडलात, "अगं ती डांगी हाय! तिला राहू दे, तू आत ये!" संध्याकाळी तुम्ही माझा हात तिच्या पाठीवरून फिरवलात. तळवा तुपकट झाला. डांगीच्या कातडीतून तेलासारखं काहीतरी पाझरतं आणि पाणी वरच्या वर निथळून जातं. खूरही काळे, गारगोटीसारखे टणक. चिखलात दिवस दिवस उभं राहिलं तरी सहज सडत नाहीत. कळसूबाईच्या पायथ्याशी पाऊस कसा कोसळतो ते बघितल्यावर कळलं की तिथं दुसरी गाय टिकणं अवघडच. त्याच वेळी तुमच्या अकराच्या अकरा शेळ्या पहिल्या थेंबाला शेडमध्ये घुसून माझ्याकडे तुच्छतेनं बघत होत्या. त्यांच्यापुरता माझा अंदाज बरोबर होता.

आता बंड्याचं. तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतंत की बोकडाला नाव ठेवायचं नसतं. मी ठेवलं. तो माझ्या गमबुटांचे पट्टे चावायचा, माळ्याच्या शिडीवर दोन पायऱ्या चढून मला उठवायचा, बाभळीच्या शेंगा माझ्याच हातून खायचा. त्या वर्षी बकरी ईद 17 जूनला होती. त्याच्या आठवडाभर आधी व्यापारी दारात आला, त्यानं बंड्याच्या पाठीवर, कमरेवर हात दाबून मांस चाचपलं, दात बघितले, आणि तुम्ही उभ्या उभ्या सौदा केलात. चांगला घासून केलात, हे मला त्याही वेळी जाणवलं. मी माळ्यावर जाऊन बसले.

रात्री तुम्ही शिडीखाली येऊन उभ्या राहिलात. समजूत काढली नाहीत. नातीची कॉलेजची फी किती, युरियाची गोणी किती, आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, लागणाऱ्या बायांची मजुरी किती, सगळं मला आकड्यांत सांगितलंत, जणू मी तुमची वही तपासायलाच आले होते. शेवटी म्हणालात, "मलाबी वाटतं गं पोरी. दर साली वाटतं. म्हणून तर नाव ठेवत न्हाई." तोवर तुम्ही मला ताई म्हणत होतात. पोरी त्या रात्रीपासून. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते. मला पाहुण्यासारखं जपलं असतंत तर बोकड कुठं गेला हे गोड बोलून लपवलं असतंत.

आता मूळ मुद्दा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आवणीच्या धांदलीत, दुपारी मी कोठीतून मक्याचा भरडा काढला, घमेलं काखेत घेतलं आणि दाराला कडी न लावता निघून आले. कडी लावल्याचं मला पक्कं आठवत होतं. असंच आठवत असतं सगळ्यांना, मी रोज बघते. तासाभरानं ठिपकी शेळी आत सापडली, थोबाडाला पिवळं पीठ लागलेलं, पुढ्यातलं अर्धं पोतं खाली सांडलेलं.

संध्याकाळपर्यंत तिची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली. रवंथ बंद. दात करकरा खात होती, मान लांब करून उभी. दादांनी जनावरांच्या डॉक्टरांच्या गाडीसाठी 1962 या नंबरला फोन लावला, पण रस्त्यावर दरड आली होती, गाडी सकाळी येईल म्हणाले. डॉक्टरांनी फोनवरच काय करायचं ते सांगितलं. तुम्ही कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवलात, त्यात गोडंतेल घातलंत, बाटलीनं थोडं थोडं गालाच्या कडेनं सोडलंत, डोकं फार वर न उचलता, घोटागणिक थांबत, ठसका लागून श्वासनळीत जाऊ नये म्हणून. तिचे पुढचे पाय उंबऱ्यावर ठेवले. मग आपण दोघी आळीपाळीनं तिची कूस चोळत बसलो. बाहेर पाऊस, आत बॅटरीचा उजेड आणि आंबलेल्या पिठाचा वास. मला रडू येत होतं आणि रडायची सोय नव्हती, कारण चोळायची पाळी माझी होती. तीनच्या सुमाराला ठिपकीनं ढेकर दिला. इतका लांब, इतका घाणेरडा ढेकर मी जन्मात ऐकलेला नाही, आणि इतका गोडही नाही. तुम्ही म्हणालात, "सुटली." आणि भिंतीला टेकून तिथंच झोपी गेलात.

सकाळी डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. दादांनी विचारलं, कोठी उघडी कशी राहिली? मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "कडी सैल झाली व्हती. कधीची सांगतेय." दादा काही बोलले नाहीत. पावसातून राजूरला गेले आणि नवी कडी-कोयंडा घेऊन आले. 140 रुपये. बिल मी बघितलं, सवयच आहे ती.

नंतर चुलीपाशी तुम्ही मला हळूच म्हणालात, "कुनी उघडी टाकली ते तुला ठाऊक, मला ठाऊक. तिसऱ्याला कशाला?" आणि त्याच दुपारी शेळ्यांच्या खुराकाची वेळ झाली तेव्हा नव्या कडीच्या कुलपाची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवलीत. सुनेच्या नाही, माझ्या. सूचना नाही, टोमणा नाही, "आता तरी नीट लाव" असंही नाही. मी कोठीपर्यंत गेले, भरडा मोजून घेतला, कुलूप लावलं, ओढून बघितलं, चार पावलं गेले, परत आले, पुन्हा ओढून बघितलं. तुम्ही खाचरात पाठमोऱ्या होतात. एकदाही वळून पाहिलं नाहीत.

आक्का, बारा वर्षं मी लोकांच्या चुका शोधून त्यांच्याखाली लाल रेघ मारतेय. चूक करणाऱ्याच्या हातात दुसऱ्याच दिवशी तीच किल्ली देणारं माणूस मी अजून कुठल्या ऑफिसात पाहिलेलं नाही. मला स्वतःला ते जमलेलं नाही. नव्या ठिकाणी माझ्या हाताखाली एक मुलगा आहे, त्यानं सप्टेंबरमध्ये एका मोठ्या क्लायंटच्या फायलीत घोळ घातला. मी ती फाइल त्याच्याकडून काढून घेतली. आठवडाभरानं परत दिली, पण रोज तीनदा उघडून बघतेय. तुमच्यासारखी पाठ फिरवून उभं राहणं अजून जमत नाही.

तर दादा, तुम्हीही ऐकताय ना? कडी सैल नव्हती. जुनी कडी चांगली होती, दाराच्या मागे खिळ्याला टांगून ठेवलीय तुम्ही, बघा हवं तर. ते 140 रुपये माझ्या नावावर लिहा, आल्यावर देते. आक्कांना बोलू नका. खोटं त्या बोलल्या, पण माझ्यामुळे.

सुनेनं काल फोटो पाठवला. ठिपकी व्यायली, दोन पिल्लं, एक तिच्यासारखंच ठिपक्यांचं आणि एक नुसतं काळं. दोन्ही पाटी, म्हणजे माद्या, आहेत म्हणे, म्हणजे घरीच राहणार. मी पुढच्या शुक्रवारी रात्री निघतेय, शनिवारी सकाळच्या एसटीनं येईन. तोवर त्यांना नावं ठेवू नका, मी ठेवणार आहे.

तुमची,
हिशेबवाली पोरगी