फ्रेटलेस बेसमध्ये ‘फ्रेट गहाळ’ असल्याचं कारण देऊन परतावा नाकारल्याबद्दल तक्रार

दिनांक : १६ जून

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : फ्रेटलेस म्हणून विकलेला पण मुळात फ्रेटचा असलेला बेस परत घेऊन पूर्ण रक्कम (रु. १४,४९९) परत करण्याबाबत.

महोदय,

तुमच्या २ जूनच्या ई-मेलमध्ये परतावा नाकारण्याचं कारण एका ओळीत दिलं आहे : ‘तपासणीत फ्रेट गहाळ आढळले, ग्राहकाकडून नुकसान.’ ही ओळ मी तीनदा वाचली आणि मग तुमचंच बिल काढलं. त्यावर वस्तूचं नाव छापलंय : ‘इलेक्ट्रिक बेस, चार तारी, फ्रेटलेस.’ फ्रेट म्हणजे गिटारीच्या पट्टीवरचे धातूचे आडवे पडदे. फ्रेटलेस म्हणजे ज्या बेस गिटारीला ते नसतात ती. ज्या वाद्याच्या नावातच पडदे नाहीत, त्याचे पडदे मी काढून घेतले असं तुमचं म्हणणं आहे. टकल्याकडे त्याच्या केसांचा हिशोब मागायचा, तसला हा प्रकार झाला.

मी लातूर जिल्ह्यात, अहमदपूर तालुक्यातल्या एका गावात कृषी सेवा केंद्र चालवतो. मृग लागलाय, दुकानात बियाण्याला गर्दी आहे. अशा दिवसांत कुणी चार पानी पत्रं लिहीत बसत नाही. तरी लिहितोय, कारण तुमच्या मदत क्रमांकावर आजवर मी सात वेळा बोललो आणि सातही वेळा समोरच्याला मी फ्रेटलेस म्हणजे काय इथूनच सुरुवात करून सांगितलं. निदान हे कागद तरी एका जागी राहतील.

दर गुरुवारी आमच्याकडे दत्ताच्या देवळात अभंगाची बैठक असते. पेटी, पखवाज, टाळ, आणि गेली सहा वर्षं माझा साधा फ्रेटचा बेस. बुवा मींड घेत वरून खाली येतात तेव्हा माझा बेस जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखा टप्प्याटप्प्यानं येतो. सारंगीला, व्हायोलिनला ही अडचण नसते, कारण त्यांच्या पट्टीवर पडदेच नसतात. फ्रेटलेस बेसचंही तेच. बोट सरकवलं की सूर सरकतो आणि तार लाकडाला हलकी घासत राहिल्यानं एक गुंगुरता, नाकातल्यासारखा आवाज निघतो. तो मला हवा होता. अमेरिकी बेसवादक जाको पास्टोरियसनं फ्रेट काढलेल्या जुन्या जॅझ बेसच्या पट्टीवर इपॉक्सीचा (कडक राळेचा) थर चढवून तो आवाज जगभर पोचवला, हे तुमच्या जाहिरातीतही लिहिलंय. नाव घेतलंत, काम मात्र तसं केलं नाही.

स्वस्त वस्तूकडून माझी अपेक्षा किती होती, हे आधी सांगतो, म्हणजे ‘या किमतीत असंच मिळणार’ हे उत्तर तुम्हाला द्यायला नको. चांगल्या कंपन्यांचे फ्रेटलेस माझ्या आवाक्याबाहेर आहेत. चौदा हजार म्हणजे आमच्याकडं तीन-साडेतीन क्विंटल सोयाबीन. तेवढ्यात लाकूड जड असेल, खुंट्या ढिल्या असतील, तारांचा आवाज पकडणारा पिकअप गुणगुणेल, रंगाला फोड असतील, हे सगळं मी धरून चाललो होतो. खुंट्या बदलता येतात, पिकअप बदलता येतो, रंगाकडं बघायचं नाही. पण फ्रेटलेसमध्ये एक गोष्ट स्वस्तात उरकता येत नाही : फिंगरबोर्ड, म्हणजे बोटं टेकतात ती पट्टी, आणि त्यावरच्या खुणा. फ्रेटच्या गिटारीत सूर फ्रेट ठरवतो, बोट जरा मागं-पुढं पडलं तरी चालतं. इथं बोट टेकतं तिथंच सूर. त्यामुळं पट्टी सपाट हवी, नट (हेडशी तारा टेकतात तो तुकडा) खाली हवा आणि पट्टीच्या कडेचे ठिपके जागेवर हवेत. नेमक्या ह्याच तीन गोष्टी तुम्ही बिघडवून पाठवल्यात.

आता घडलं ते क्रमानं.

२१ एप्रिलला ऑर्डर दिली, पैसे आगाऊ भरले. २९ एप्रिलला खोकं आलं, त्यात फ्रेटचा बेस. चूक होते, मीही कधी गिऱ्हाइकाला डीएपीऐवजी दुसरी पिशवी उचलून देतो. फोन केला. तुमच्या प्रतिनिधीनं विचारलं, “सर, फ्रेट व्यवस्थित आहेत ना? मग अडचण काय आहे?” अडचण हीच आहे की ते आहेत, हे समजावण्यात वीस मिनिटं गेली. त्यांनी फोटो मागितले, मी सहा फोटो पाठवले. त्यातला एक हेडच्या मागच्या स्टिकरचा, ज्यावर नगाचा क्रमांक आहे. दुसरा बॉडीच्या खालच्या शिंगाजवळ पडलेल्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या खळीचा. हे दोन फोटो जपून ठेवा, पुढं लागतील.

१४ मेला बदली खोकं आलं. या वेळी भाच्याला मोबाइल धरायला लावून चिकटपट्टी कापण्यापासून चित्रण केलं, तशी तुमची अटच आहे. बेस बाहेर काढला तर पट्टी गुळगुळीत. कुरिअरवाला पोरगा पाणी प्यायला थांबला होता, तो म्हणाला, “भाऊ, ह्याला तर दातच नाहीत की.” त्याचं हे वाक्य चित्रणात स्वच्छ ऐकू येतं. खोकं उघडलं त्या क्षणी फ्रेट नव्हते, याला यापेक्षा चांगला साक्षीदार मी कुठून आणू?

त्याच रात्री तार लावून बसलो. आमच्या गाण्याची पट्टी पांढरी एक, म्हणजे सी. ए तारेवर तिसऱ्या जागी सा लागायला हवा. ठिपक्यावर बोट ठेवलं तर सा आणि खालच्या नी यांच्या मधोमध कुठंतरी सूर पडला. आधी वाटलं माझाच कान गेला. गुरुवारी देवळात नेला, बुवांनी पहिल्या ओळीलाच वळून बघितलं आणि म्हणाले, “सा कुठं ठेवलास रे तुझा?” दुसऱ्या दिवशी सुताराकडून पोलादी पट्टी आणली आणि मोजलं.

तुमच्या बेसची तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर. तिसऱ्या फ्रेटची जागा नटापासून साधारण १३७ मिलिमीटरवर येते. तुमचा त्या जागेचा ठिपका ११६ वर आहे. बारावी जागा, म्हणजे वरचा सप्तक, तारेच्या बरोबर निम्म्यावर, ४३२ वर हवी. तुमचे दोन ठिपके ४१९ वर. ज्याला पट्टी लावायची नसेल त्यानं त्या जागी तारेला बोट नुसतं स्पर्शून छेडावं. घंटेसारखा वरचा सूर वाजतो ती खरी जागा, आणि ती तुमच्या ठिपक्यांच्या सव्वा सेंटिमीटर पुढं आहे.

ठिपके असे चुकतात ते एकाच कारणानं. फ्रेटच्या गिटारीत ठिपका दोन फ्रेटच्या मधोमध असतो, कारण बोट फ्रेटच्या मागं ठेवायचं असतं. रेषा नसलेल्या फ्रेटलेसवर ठिपक्यावरच बोट टेकायचं, म्हणून तो स्वराच्या नेमक्या जागी लागतो. ठिपके मधोमध आहेत याचा अर्थ हा नेक, म्हणजे वाद्याची मान, फ्रेटसाठीच बनवलेला आहे. मग मी टॉर्च आडवा धरून पट्टी बघितली. तपकिरी रंगाखाली वीस आडव्या खाचा बुजवलेल्या दिसल्या, त्यातल्या काहींच्या कडेला लाकडाचे टवके उडालेले. फ्रेटच्या पायाला काटे असतात, न तापवता पक्कडीनं ओढले की ते लाकूड घेऊनच निघतात. मे महिन्याच्या आमच्या उन्हात त्या खाचांत भरलेली पुट्टी आक्रसली, आणि आता तारेवर बोट सरकवताना दर खाचेवर ‘टक्’ असं वाजतं. मींड घ्यायला वाद्य घेतलं, आणि पायऱ्या तशाच राहिल्या, फक्त उलट्या!

नटाचंही तेच. फ्रेट असतात तेव्हा तार त्यांच्या वरून जावी म्हणून नट उंच ठेवतात. फ्रेट काढल्यावर नट खाली घासायला हवा, तार पट्टीपासून जेमतेम व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी वर राहील इतका. तुमच्या बेसवर नटाशी जाड तारेखाली माझी दोन एटीएम कार्डं एकावर एक सहज सरकतात. पहिल्या दोन-तीन जागा दाबायला करंगळीचा जोर पुरत नाही आणि एवढ्या उंचीवरून दाबलेली तार ताणून सूर किंचित चढतो. शिवाय जाहिरातीत गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा लिहिल्या होत्या, आल्या त्या खरखरीत राउंडवाउंड. अशा तारा उघड्या लाकडाला कानसीसारख्या घासतात. फ्लॅटवाउंडचा जोड वेगळा घ्यायचा तर तीन-चार हजार, म्हणजे वाद्याच्या पाव किमतीएवढा खर्च.

आता ते दोन फोटो काढा. बदली आलेल्या बेसच्या हेडमागच्या स्टिकरवर तोच क्रमांक आहे. खालच्या शिंगाजवळ तीच ज्वारीच्या दाण्याएवढी खळी आहे. म्हणजे मी ‘फ्रेटचा आहे’ म्हणून परत केलेलाच नग तुम्ही पंधरा दिवसांत फ्रेट उपटून, खाचा बुजवून, रंग मारून मला परत पाठवलात. आणि मी तो पुन्हा परत केला तेव्हा तुमच्याच तपासणी विभागानं लिहिलं, ‘फ्रेट गहाळ.’ त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. फ्रेट आहेत कुठं, हे त्यांनी शेजारच्या टेबलावर विचारायला हवं होतं.

फ्रेट काढून फ्रेटलेस करणं हा गुन्हा नाही. लोक हौसेनं करतात. नीट तापवून फ्रेट काढतात, खाचांत लाकडाच्या पातळ पट्ट्या बसवतात, नट घासतात, ठिपके नव्यानं भोकं पाडून बसवतात. ‘आम्ही फ्रेटच्या नेकचं रूपांतर करून देतो’ असं जाहिरातीत असतं तर मी विचार करून घेतला असता, कदाचित घेतलाही नसता. इथं न सांगता केलंय, आणि वाईट केलंय. माझ्या धंद्यात याला एक सरळ नाव आहे. पिशवीवर एमएयूएस ७१ छापून आत जेएस ३३५ भरलं, तर दोन्ही सोयाबीनच, उगवतात दोन्ही. तरी शेतकरी मला भर बाजारात उभा करील, आणि परवाना जाईल तो वेगळाच.

लातूरला एका वाद्यदुरुस्ती करणाऱ्याला दाखवून आलो, जायला-यायला अर्धा दिवस मोडला. खाचा पुन्हा उकरून पट्ट्या बसवणं, पट्टी सपाट घासणं, नवा नट आणि नवे ठिपके मिळून त्यांनी साडेपाच हजार सांगितले. वर म्हणाले, “सॅडल आधीच तळाला टेकलेत, नेकखाली पाचर घालावी लागेल.” सॅडल म्हणजे दुसऱ्या टोकाला तारा टेकतात ते तुकडे. तुम्ही दुरुस्तीचे पैसे देऊ म्हणालात तरी मला ते नको आहेत. मी गिटार विकत घेतली होती, काम नव्हे.

माझी पहिली लेखी तक्रार १६ मेची. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. पोच मला अकराव्या दिवशी आली, तीही ‘आपला अनुभव कसा होता, तारे द्या’ या मजकुरासह. महिना आज पूर्ण झाला. जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे.

माझी मागणी एवढीच : १४,४९९ रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, हे पत्र पोचल्यापासून पंधरा दिवसांत. परतीचा वाहतूक खर्च तुमचा. तुमच्या नोंदीतून ‘ग्राहकाकडून नुकसान’ हा शेरा काढून तसं लेखी कळवा. बदली नग नको, कूपन तर अजिबात नको. तुमच्या सांगण्यावरून एकदा बदली घेतली, तेव्हा माझाच नग दात पाडून परत आला.

पंधरा दिवसांत झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्यानं ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही. तुमच्या अटींच्या तळाशी बारीक अक्षरात ‘न्यायक्षेत्र’ म्हणून दुसऱ्या शहराचं नाव आहे, ते मी वाचलंय. तारीख पडली की माणूस तुम्हाला लातूरला पाठवावा लागेल.

सोबत बिल, दोन्ही वेळचे फोटो, खोकं उघडतानाचं चित्रण आणि पट्टी लावून काढलेले मोजमापाचे फोटो जोडले आहेत. ऑर्डर क्रमांक, नाव, पत्ता तुमच्याकडं आहेच.

बेस ९ जूनला तुमच्याकडून परत आला, तो न उघडता तसाच दुकानात वजनकाट्याच्या मागं उभा ठेवलाय. आषाढीच्या कार्यक्रमाला मी जुनाच फ्रेटचा बेस वाजवणार, बुवांना तसं सांगितलंय. न्यायला येणाऱ्या माणसाला सकाळी दहाच्या आत पाठवा, नंतर पेरणीच्या गर्दीत मला चिठ्ठीवर सही करायलाही सवड नसते. आणि त्याच्या तपासणीच्या यादीत ‘फ्रेट आहेत का’ असा रकाना असेल, तर तो आधी खोडून द्या.

आपला,
एक ग्राहक
ता. अहमदपूर, जि. लातूर