कंपवाताच्या रुग्णांना गावातच ताल मिळू द्या

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य

महोदय,
सादर नमस्कार.

माझ्या यजमानांना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात आहे. थरथरणारा हात चारचौघांना दिसतो. त्याहून जास्त छळतं ते पाऊल अडणं. उंबरठ्याशी किंवा वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, धड मात्र पुढे झुकतं. माणूस पडतो तो तिथेच. गोळ्या हव्यातच, पण या अडण्याला त्या दर वेळी पुऱ्या पडत नाहीत.

अशा वेळी मी टाळ्यांवर भजनी ठेका धरते, आणि पुष्कळदा पाऊल सुटतं. यात चमत्कार काही नाही. मेंदूतलं डोपामाइन हे रसायन कमी पडलं की चालीची आतली लय बिघडते. बाहेरून कानी पडणारा नियमित ताल मेंदूला दुसरी वाट देतो. १९९६ साली अमेरिकेत मायकल थॉट आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांकडून तीन आठवडे रोज तालावर चालण्याचा सराव करून घेतला. त्यांच्या चालीचा वेग सुमारे २५ टक्क्यांनी वाढला होता. आजार यानं बरा होत नाही, आणि सराव थांबला की फायदाही ओसरतो. म्हणूनच एखाद्या दिवसाचं शिबिर नको, दर आठवड्याचा वर्ग हवा.

आणि तो बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातच नको. सत्तरी किंवा काणकोणहून अशा माणसाला बसमध्ये चढवणं म्हणजे काय, हे घरच्यांनाच ठाऊक. वाळपई, फोंडा, काणकोण इथल्या सरकारी आरोग्य केंद्रांत एक मोकळी खोली मिळाली तरी पुरे. पेटी, पखवाज, टाळ वाजवणारे हात आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांत आहेत. घुमट तर आपलं राज्यवाद्य. आठ मात्रांचा सरळ ठेका चालायला सोयीचा, सात मात्रांचा रूपक नव्हे. पण लय किती ठेवायची हे फिजिओथेरपिस्टनेच ठरवावं, कारण घाईच्या लयीत अडणारं पाऊल उलट जास्त अडतं. वर्गाची वेळही गोळीचा अंमल असताना हवी. चालण्यानंतर थोडं गाणं व्हावं. या आजारात आवाज खोल जातो. एकेकाळी काकड आरतीला खडा सूर लावणारे यजमान आज पाणी मागतात तेही मला ऐकू येत नाही.

माझी विनंती एवढीच: गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील मेंदूविकार विभाग आणि कला अकादमी यांची एक बैठक आपण बोलवावी, दोन केंद्रांवर सहा महिने प्रयोग करावा आणि वादकांना रीतसर मानधन द्यावं. दहा मीटर चालायला लागणारा वेळ आधी आणि नंतर मोजला, तर पुढचा निर्णय आपल्याला आकड्यांवरून घेता येईल.

आपली विश्वासू,
डिचोलीतील एका रुग्णाची पत्नी