अर्धे तिकीट आणि दानपेटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘घरातली देवपूजा सुटली म्हणून पोरे बिघडली’ अशा अर्थाची पत्रे सध्या आपल्याकडे येत आहेत. मी एकतीस वर्षे एसटीत वाहक होतो. त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे तुळजापूर, अक्कलकोट आणि मंगळवेढा या फेऱ्यांवर गेली. देवाला निघालेली माणसे मी जवळून पाहिली आहेत, अगदी सुट्ट्या पैशांसकट, म्हणून लिहितो.

तुळजापूरच्या गाडीत सगळ्यांत जास्त खोटे बोलले जाते ते पोराच्या वयाबद्दल. पाच वर्षांपर्यंत फुकट, पुढे बारापर्यंत अर्धे तिकीट. मंगळवारी-शुक्रवारी बघा. आई पोराला मांडीवर घेते, त्याचे पाय खाली फरशीला टेकलेले असतात, आणि सांगते, ‘पाचवं लागायचंय अजून, मास्तर.’ एकदा अशा एका पोराला मी सहज विचारले, कितवीत आहेस रे? ‘तिसरीत,’ तो म्हणाला. बापाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. खरे बोलल्याबद्दल! संध्याकाळी परतीला नेमके तेच कुटुंब माझ्या गाडीत. पोराच्या कपाळाला मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, आणि वय पुन्हा साडेचार.

म्हणून भाविक तेवढे लबाड, असे मी म्हणणार नाही. मंगळवेढ्याच्या गाडीत एक माळकरी आजोबा डुलकी लागून एक टप्पा पुढे गेले. माझ्याही लक्षात आले नव्हते. उतरताना त्यांनी स्वतःहून कनवटीचे पैसे काढून पुढचे तिकीट फाडायला लावले. माझ्याबरोबर एक चालक होता, लाल बावट्याचा. गाडी काढताना त्याने कधी नारळ फोडला नाही की हात जोडले नाहीत, पण दारूला शिवला नाही आणि त्याच्या हातून साधे कुत्रेही मेले नाही. दुसऱ्याच्या केबिनमध्ये पाच देवांचे फोटो, रोज ताजा हार, वर उदबत्ती. घाटात तो गाडी अशी हाणायचा, की ते पाचही देव हलायचे.

आता माझे. तिकिटामागे ‘३ रु. देणे’ असे लिहून द्यायची पद्धत होती. तुळजापूर आले की लोक दर्शनाच्या ओढीने धावत सुटायचे, पैसे विसरायचे. रात्री हिशेबात आठ-दहा रुपये जास्त निघत. रोकड कमी पडली तर पगारातून कापतात, जास्त निघाली तर वे-बिलावर, म्हणजे वाहकाच्या हिशेबाच्या कागदावर, दाखवून भरायची, असा नियम. मी ती भरत नसे. घरी जाताना सोलापुरातल्या रूपाभवानीच्या देवळात वाकडी वाट करायचो आणि दानपेटीत टाकायचो. कित्येक वर्षे. देवीला दिले म्हणजे आपण खाल्ले नाहीत, अशी माझी पक्की समजूत होती. खरे तर ते पैसे ना माझे होते, ना देवीचे. श्रद्धा नसती तर मी ते खिशात घातले असते का? कदाचित. पण मग रात्री झोप लागली नसती. पेटीत टाकल्यावर मात्र छान लागायची.

माझी सून कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. तिने एक प्रयोग सांगितला, तो माझ्या डोक्यातून जात नाही. १९७३ साली डार्ली आणि बॅटसन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी तो प्रसिद्ध केला. अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवले. वाटेत एक माणूस विव्हळत पडलेला, मुद्दाम बसवलेला. काहींना तर वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या, बायबलमधल्या समरिटनाच्या गोष्टीवरच बोलायचे होते! ज्यांना घाई नव्हती त्यांतले शंभरातले ६३ थांबले. ‘तुम्हाला उशीर झालाय’ असे ज्यांना सांगितले होते, त्यांतले फक्त १०. भाषणाचा विषय कोणता होता, याने म्हणावा असा फरक पडला नाही.

हे ऐकले आणि मला माझी गाडी दिसली. तुळजापूरला जाताना कोपर मारणारी, गरोदर बाईला उभी ठेवणारी, ‘ए मास्तर, डबल मार की’ म्हणून खेकसणारी माणसे येताना पेढा हातावर ठेवतात, सरकून जागा देतात. मी ती आईची कृपा समजत होतो. आता वाटते, अभिषेकाची वेळ गाठायची नव्हती, एवढेच.

सूनबाईंनी दुसरेही सांगितले. १९६९ मध्ये हिर्शी आणि स्टार्क या समाजशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत चर्चला जाणारी आणि न जाणारी पोरे चोऱ्यामाऱ्यांत सारखीच निघाली. पुढे स्टार्क यांनीच दाखवले, की आजूबाजूची बहुतेक पोरे धर्म पाळणारी असतील तिथे फरक पडतो. एकट्याच्या मनातली श्रद्धा तितकी कामी येत नाही.

आमच्या गल्लीतला एक पोरगा घ्या. सप्टेंबरात विसर्जनाला डीजेपुढे नाचत होता. मेडिकलमधून औषध घेऊन निघालेल्या म्हातारीला त्याने वाट दिली नाही, वर ‘थांब बे आज्जे’ म्हणाला. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे, पण त्या रात्री तो कुणाला आठवला नाही. तोच पोरगा जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, वेळी पांढऱ्या बाराबंदीत सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजाच्या उंच काठीबरोबर चालतो. आधी काही आठवडे संध्याकाळी सराव, काठी डोलू द्यायची नाही, शेजारी जुने जाणते, त्याच्या बापाला आणि आज्याला नावाने ओळखणारे. मला बघून खाली वाकतो. पोरगा एकच, देवभक्तीही तेवढीच. डीजेपुढे त्याला ओळखणारे कुणी नव्हते आणि हातात धरायला काही नव्हते.

आणखी एक. पत्र लिहिणारे ‘बंडखोर’ आणि ‘वाया गेलेला’ हे एकाच पिशवीत घालतात, ते मला पटत नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचे कोठार उपाशी लोकांना खुले केले. आमच्या भाषेत सांगायचे तर अपहार, तत्काळ निलंबन! ती बंडखोरी भक्तीतूनच आली होती. विठ्ठलाने येऊन त्यांची तूट भरली, अशी कथा आहे. (आमच्या रोकडीतली तूट भरायला कुणी आले नाही.) आमच्या सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. इंग्रज सरकारच्या दप्तरात तेही गुन्हेगारच होते. आज आपण चार हुतात्मा चौकात त्यांना हार घालतो.

हे सगळे लिहायला कारण माझा दहावीतला नातू. गणपतीपासून तो आरतीला उभा राहत नाही. ‘मला पटत नाही,’ एवढेच म्हणतो. माझी बहीण म्हणते, पोरगं हातचं गेलं. तो मोबाइलबद्दल खोटे बोलतो हे खरे, पण तेवढे खोटे टाळ वाजवणारा त्याचा थोरला भाऊही बोलतो. परवा त्याला मी दानपेटीची गोष्ट सांगितली. वाटले, हसेल. त्याने विचारले, ‘आजोबा, ती माणसं परत गाडीत भेटायची ना? मग त्यांना का नाही दिले?’

भेटायची. ठरलेल्या वाराला तेच चेहरे असत.

कृपया माझे नाव छापू नये. कारण वर आलेच आहे.

आपला,
एक निवृत्त वाहक, सोलापूर