भातोडीच्या तलावावर चापूचं नाव लावा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

अहमदनगरच्या निजामशाहीचे पेशवे मलिक अंबर मे १६२६ मध्ये वारले. २०२६ हे त्यांच्या निधनाचं चारशेवं वर्ष. त्या निमित्ताने एकच मागणी आहे. खुलताबादची त्यांची कबर, छत्रपती संभाजीनगरचा भडकल दरवाजा, तिथलीच पाण्याची नहर-ए-अंबरी आणि नगरजवळच्या भातोडीचा तलाव, या चारही ठिकाणी हा माणूस गुलाम म्हणून विकला गेला होता, हे ठळक मराठीत लिहा.

अंबर म्हटलं की गनिमी कावा आणि जमीनधारा एवढंच आपल्याला पाठ असतं. त्याआधीचा चापू, हेच त्यांचं मूळ नाव, कुणाला माहीत नसतो. हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, १५४८च्या सुमारास जन्मलेलं हे पोर येमेनमधल्या मोखा बंदराच्या बाजारात ऐंशी डच गिल्डरला विकलं गेलं. १६१७ मध्ये अंबरांना समक्ष भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रुक या डच व्यापाऱ्याने ते लिहून ठेवलं आहे. पुढे बगदादच्या धन्याने त्याला शिकवलं, नावही बदललं. मग निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने विकत घेतलं. तोही एकेकाळचा हबशी गुलामच. तो वारल्यावर त्याच्या बायकोने अंबरांना मोकळं केलं. सुटका झाली, पण पोट तलवारीवरच राहिलं. विजापूरकरांची चाकरी करून ते परतले तेव्हा पदरी जेमतेम दीडशे स्वार होते.

जहांगीर बादशहाने आठवणींत त्यांना रंगावरून शिव्या दिल्या. भाल्यावर खोचलेल्या अंबरांच्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय, असं चित्रही दरबारी चित्रकार अबुल हसनकडून काढून घेतलं. ते मुंडकं त्याच्या हाती कधीच लागलं नाही.

आणि भातोडी! १६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर एकत्र चालून आले. सत्तरी ओलांडलेल्या अंबरांनी तलावाचा बांध फोडला. शत्रूची छावणी चिखलात रुतली, रात्री छापे पडू लागले, दाणावैरण तुटली. शहाजीराजे अंबरांच्या बाजूने लढले, त्यांचे बंधू शरीफजी इथेच पडले. ज्या मातीत भोसल्यांचं रक्त सांडलं, तिथे हबशी शिपायांचंही सांडलं. त्यांची नावं मात्र कुणी टिपली नाहीत, म्हणूनही ही पाटी हवी.

पाटीवर पहिलं नाव चापू असावं, मोख्याचा बाजार असावा, मग पेशवाई. मजकूर इतिहासाच्या अभ्यासकांकडून तपासून घ्यावा आणि काम याच वर्षीच्या तरतुदीत बसवावं, ही विनंती.

आपला,
एक नगरकर