नाना लयीत नव्हते

राजेंद्रनगर, इंदूर

प्रिय विन्या,

व्हॉट्सॅपवर टाकलं असतं तर तू मधेच अंगठा दाखवून मोकळा झाला असतास म्हणून मेल करतोय, जरा बसून वाच. इकडे बाकी ठीक. माझं बीपी गोळीवर आहे, सुषमाचा गुडघा जिथल्या तिथे. विषय नानांचा आहे, त्यांच्या कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनचा. दादाला सांगून उपयोग नाही, सुषमाला निम्मा कळतो, पूर्ण तुलाच कळेल कारण त्यांच्या शेजारी बसून तबला तू वाजवलायस.

मागच्या गुरुवारी भजन आपल्याकडे होतं. नाना पेटीवर. काय वाजवलं रे! डावा हात भात्यावर एकसारखा, बोटं अशी फिरत होती की मला वाटलं आजार बरा झाला. मग शेवटच्या तीनचार भजनांत ते डोलायला लागले. मान, खांदे, मांडी घातलेला एक पाय. मंडळी खूष, कुलकर्णी काकू हात जोडून म्हणाल्या आज दत्तगुरूंनी धरलंय नानांना. मी मागे झांज घेऊन बसलेलो आणि माझ्या पोटात गोळा, कारण ते डोलणं ठेक्यात नव्हतं विन्या. बोटं समेवर बरोबर येत होती आणि खांदा भलतीकडेच चाललेला. नाना, आणि लय सोडून! रूपक तालाची सम 'खाली'वर (टाळीऐवजी रिकाम्या हातावर) येते की नाही यावरून आपली मारामारी झाली होती तेव्हा दोघांनाही एकेक ठेवून देऊन सम दाखवणारे हेच ना ते? (बरोबर मीच होतो, तू अजून कबूल केलेलं नाहीस.)

तुला त्यांचं आताचं वेळापत्रक माहीत नाही, तू शेवटचा आलास तेव्हा दिवसाला दोनच गोळ्या होत्या. आता कंपवाताची ती लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी चार वेळा, सकाळी ७, ११, दुपारी ३, संध्याकाळी ७. जेवणाआधी अर्धा तास, नाहीतर जेवल्यावर तासाभराने, कारण डाळ-दूध-पनीरमधलं प्रोटीन आणि हे औषध एकाच दाराने आत शिरायला बघतात आणि दारात चेंगराचेंगरी होते. रविवारी दाल-बाफले झाले की तीनची गोळी पोटातच अडकून पडते, चारपर्यंत नाना खुर्चीतून उठू शकत नाहीत. बाफले बंद केले का विचारशील तर नाही, हिंमत कोणाची आहे? संध्याकाळी करतो आता, सातची गोळी लागू पडल्यावर. आणि ही गोळी रक्तात दीडेक तासात निम्मी होते म्हणे, म्हणून तर चारचार वेळा. मधे समोरच्या काकांनी खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण आणून दिलं, कंपवातावर रामबाण. तीच खाजकुयली रे, जी आपण पीटीच्या सरांच्या खुर्चीवर टाकली होती आणि नाव तुझं आलं होतं! डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले तिच्यात खरंच लेव्होडोपा असतं, म्हणूनच वरून देऊ नका, किती गेलं याचा हिशोब राहत नाही. काकांना सांगितलं डॉक्टर हो म्हणाले पण देऊ नका म्हणाले, ते अजून विचारात आहेत.

तर मूळ मुद्दा. सात खणांचा डबा मी रविवारी रात्री भरतो आणि नाना स्वतः घेतात, मी फक्त 'घेतली का' विचारतो. त्यांचं उत्तर 'हो'. या दोन महिन्यांत गुरुवारी दुपारी ते लाकडासारखे पडून राहायचे, शर्टाचं बटण लागेना, दारातून निघताना पाय जमिनीला चिकटलेले. मला वाटलं आजार वाढला. डॉक्टरांना तसंच सांगितलं आणि त्यांनी त्या हिशोबाने सकाळची गोळी अर्ध्याने वाढवली. आणि शुक्रवारी पेटी पुसायला काढली तर खोक्यात चष्म्याचं जुनं घर, उघडलं तर आत चष्मा नाही, कापसावर ठेवलेली एक गोळी. तीच. कापूस नीट बसवलेला होता रे, सोन्याची कुडी ठेवतात तसा.

विचारलं. आधी चिडले, मग सरळ सांगितलं. तीनची घेतली तर सहापर्यंत ती उतरते आणि भजन साडेसहाला, म्हणून गुरुवारी तीनची ठेवून द्यायची आणि साडेपाचला दोन एकदम घ्यायच्या. कोणाला विचारून? 'हात चालला की नाही ते सांग.' आता याला काय उत्तर देणार, चाललाच होता. मग सातची पण वेळेवर घेत होते, म्हणजे दोनावर तिसरी. त्या डोलण्याचं कारण तेच, औषध डोक्यात जास्त झालं की अंग आपोआप असं वळतं. इतर दिवशी एखादी राहिली की ती कापसात, 'पुढच्या वेळी लागली तर'.

दादाला फोन केला तर म्हणाला कॅमेरा लाव आणि डबा कुलपात ठेव. बंगलोरहून कुलूप लावायला काय जातं! त्याच्याशी अर्धा तास भांडलो, त्यात १९९८ ची स्कूटरपण निघाली. ज्या माणसाने चाळीस वर्षं शाळेत मुलांना वेळेवर यायला लावलं त्याच्या हातून डबा काढून घ्यायचा आणि तोंडात गोळी घालायची, मला नाही जमणार. कुलूप लावलं तर ते उद्या दुसरं काहीतरी शोधतील, हुशार आहेत, शिवाय मग खरं बोलायचे पण बंद होतील.

सोमवारी डॉक्टरांना सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी पहिलं विचारलं, भजन किती वाजता असतं? मग म्हणाले हे मला आधी कळलं असतं तर मी गोळी वाढवलीच नसती. वाढवलेली अर्धी काढली. गुरुवारी तीनची तीनलाच, सातची तेवढी पावणेसहाला, दोन एकत्र कधीच नाही, आणि एखादी चुकली म्हणून मनाने बंद तर अजिबात करायची नाही, एकदम थांबवली तर अंग ताठून ताप चढू शकतो. आठवडाभर वही लिहायची: गोळी कधी घेतली, हात कधी सुटला, कधी आखडला, कधी डोलले. बघितलं तर यात भजन मोडायची गरज कुठे होती? सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी झालं असतं.

पण नाना माझ्याशी बोलत नाहीयेत. डॉक्टरांसमोर त्यांची चोरी मी सांगितली म्हणून. वही लिहितात, त्यांच्या त्या शाईच्या पेनाने, अक्षर बारीक होत होत ओळीच्या शेवटी मुंगीएवढं होतं, पण लिहितात. आज ११ च्या रकान्यात लिहिलंय 'घेतली. चिरंजीवांना कळवावे.' सुषमा हसून हसून लोळली. मला हसू पण आलं आणि रागपण.

तुझ्याकडून एवढंच हवंय की तू त्यांना फोन कर आणि गोळीचं काढू नकोस. भजनाचं विचार. डोललेले तुला कोणी सांगितलं असं म्हण, कुलकर्णी काकूंचं नाव घे हवं तर. ते तुला खरं सांगतील की त्यांना स्वतःला कळत होतं का, की लय चुकतेय. मला तेच कळत नाहीये आणि झोपताना तेच डोक्यात येतं. कळत असून वाजवत राहिले असतील तर वेगळं आणि कळतच नसेल तर वेगळं. मी विचारलं तर 'तुला काय कळतं लयीतलं' म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील, झांजवाला मी.

आणि गणपतीत ये. बडोद्याहून रात्रीची बस आहे, कारणं देऊ नकोस. मागे ऐन भैरवीला उठून गेला होतास ते अजून कोणी विसरलेलं नाही. तुझ्या गच्चीचं गळणं थांबलं का? मिहिरचं ठरलं असं सुषमाला तिसऱ्याकडून कळलं, आम्हाला सांगायला काय झालं होतं गाढवा? वहिनींना नमस्कार.

फोन चार ते पाचमध्ये कर, तेव्हा आवाज मोकळा असतो.

तुझा,
पक्या