सीपीआर भाषणाने येत नाही

महोदय,

शाळा, गणेश मंडळे, कारखाने अशा ठिकाणी हल्ली सीपीआरची, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला जगवायला शिकवणारी, शिबिरे होतात, हे चांगलेच आहे. पण बऱ्याच शिबिरांचा साचा ठरलेला असतो: दीपप्रज्वलन, तासभर स्लाइड, व्यासपीठावर सरावाच्या पुतळ्याची एकच डमी. तिच्यावर डॉक्टर दाबून दाखवणार, दोन-चार उत्साही पोरे हात लावून बघणार आणि उरलेल्या सभागृहाला नुसते प्रमाणपत्र. छाती किती जोर लावून दाबायची, हे बघून कळत नाही. ते हाताला कळावे लागते.

सामान्य माणसाला शिकवायचे ते थोडेच आहे. खांदे हलवून मोठ्याने हाक मारायची. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही किंवा धड नाही, तर 108 ला फोन लावून स्पीकरवर ठेवायचा आणि दाबायला लागायचे. श्वास बघण्यात दहा सेकंदांवर वेळ घालवायचा नाही. नाडी तर शोधायचीच नाही. घाबरलेल्या माणसाला बऱ्याचदा स्वतःच्याच बोटांतले ठोके लागतात.

सगळ्यांत जास्त घात होतो तो आचक्यांमुळे. हृदय बंद पडल्यावरही पहिली काही मिनिटे माणूस अधूनमधून तोंड उघडतो, घोरल्यासारखा आवाज येतो. भोवतीचे म्हणतात, 'श्वास चाललाय की!' तो श्वास नव्हे. कधी सुरुवातीला हातपायही झटकतात. मग फिट समजून कांदा नाहीतर चप्पल हुंगवली जाते, तोंडात पाणी ओतले जाते. चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते, आणि ती मिनिटे यातच संपतात.

दाबायचे ते छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर. एका तळहाताची टाच (मनगटाजवळचा भाग), तिच्यावर दुसरा हात, कोपरे ताठ, खांदे बरोबर वर. प्रौढ माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला 100 ते 120 वेळा. पलंगावर हे जमत नाही. जोर गादीत जातो, म्हणून रुग्णाला जमिनीवर घ्यावे. नवशिक्याचे दाब उथळ पडतात, कारण तो दंडांनी ढकलतो. कमरेतून वाकून अंगाचे वजन टाकले की खोली मिळते. दुसरी चूक म्हणजे दाबून तसेच रेलून राहणे. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त भरत नाही. मोजताना वीसपर्यंतच मोजून पुन्हा एकपासून सुरू करावे. एकवीस, बावीस म्हणताना लय मंदावते. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नये. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, कारण दमल्याचे आपल्याला जाणवण्याआधीच दाब उथळ झालेले असतात.

तोंडाने श्वास द्यायचा संकोच असेल तर नुसते दाबावे. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने 2017 मध्ये सामान्यांसाठी हीच पद्धत ठरवली. बुडालेली माणसे आणि लहान मुले मात्र अपवाद; तिथे अडचण मुळात ऑक्सिजनची असते. पंढरपुरात चंद्रभागेवर काम करणारे होडीवाले आणि जीवरक्षक यांना श्वास देणे शिकवलेच पाहिजे, आणि पोट दाबून पाणी काढण्याची सवयही मोडली पाहिजे. त्यात वेळ जातो आणि पोटातले श्वासनलिकेत उतरते.

यंत्रमाग कारखान्यांत पहिला धडा मेन स्विचचा हवा. करंट बंद न करता हात लावणारा स्वतःच दुसरा रुग्ण होतो. आपल्याकडे घरोघरी शेंगदाणे, म्हणून आयांना घशात अडकलेला दाणा काढायला शिकवावे: मूल खोकत असेल तर खोकू द्यावे; आवाजच बंद झाला तर पुढे वाकवून पाठीवर पाच थापा, मग बेंबीच्या वर पोटावर पाच झटके. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटाऐवजी छातीवर. न दिसणारी वस्तू बोट घालून काढू नये. ती आणखी आत जाते.

पोलिसांच्या कटकटीची भीती अजून आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आले. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिले आहे. शिबिरात हेही दोन वाक्यांत सांगावे.

आमची मागणी साधी आहे. सहा जणांमागे एक डमी, तीही पुरेशी खोली गाठली की 'टक्' वाजणारी. प्रत्येकाने सलग दोन मिनिटे दाबायचे, मगच प्रमाणपत्र. निरोगी माणसाच्या छातीवर सराव अजिबात नको. हाताची सवय काही महिन्यांत जाते, म्हणून सहा महिन्यांनी पंधरा मिनिटांची उजळणी. शाळांत सुरुवात बाराव्या वर्षापासून, वर्षाला दोन तास. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये याच कल्पनेला पाठिंबा दिला आहे. संक्रांतीला सोलापुरात ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. महापालिका, देवस्थान आणि वैद्यकीय महाविद्यालयाने मिळून डिसेंबरमध्येच मिरवणुकीत नंदीध्वजांसोबत (उंच मानाच्या काठ्यांसोबत) चालणारे स्वयंसेवक, यात्रेच्या होम मैदानावरचे दुकानदार आणि बंदोबस्तावरचे पोलीस यांना छोट्या तुकड्यांत डमीवर सराव द्यावा.

– जीवरक्षण प्रशिक्षण देणारे काही डॉक्टर व परिचारिका, सोलापूर