विषय: सलग मिक्सच्या मधे गॅप पडतोय, ‘कॅशे क्लिअर करा’ सोडून दुसरं उत्तर द्या

कस्टमर केअर टीमला नमस्कार,

ही माझी चौथी तक्रार. आधीच्या तीन ॲपच्या चॅटमधून केल्या होत्या, पण तिथे जरा मोठं लिहिलं की मेसेज जातच नाही आणि दरवेळी समोर नवीन माणूस येतो मग परत पहिल्यापासून सगळं सांगा, म्हणून आता ईमेलवर एकदाच लिहून टाकतेय. पत्र मोठं होणार आहे पण प्लीज शेवटपर्यंत वाचा, कारण गाणी वाजत नाहीत अशी माझी तक्रार नाहीये. गाणी वाजतात. दोन गाण्यांच्या मधे जे वाजायला पाहिजे ते वाजत नाहीये.

मी सहा वर्षं पैसे भरून तुमची सर्व्हिस वापरतेय, एक महिनाही चुकवलेला नाही. मी ऐकते इलेक्ट्रॉनिक संगीत, म्हणजे टेक्नो, हाऊस, थोडं ट्रान्स, रात्री शांत ॲम्बियंट, आणि सुटी गाणी फार कमी, जास्त करून डीजे मिक्सच. दोन महिन्यांपूर्वी फोनवर अपडेट आलं आणि त्या दिवसापासून प्रत्येक मिक्समधे एक ट्रॅक संपून दुसरा सुरू होताना आवाज तुटतो. अगदी क्षणभर. पण दर वेळी, न चुकता.

डीजे मिक्स म्हणजे गाण्यांची यादी नाही हे आधी सांगते, कारण चॅटवरच्या तिघांपैकी दोघांनी मला ‘नेमकं कोणतं गाणं प्रॉब्लेम देतंय’ असंच विचारलं. मिक्समधे आधीचा ट्रॅक चालू असतानाच पुढचा हळूच खालून आत येतो, दोघांचा वेग जुळवलेला असतो, आधी नुसती हाय-हॅटची (ड्रममधल्या झांजेची) टिकटिक ऐकू येते, मग एका क्षणी जुन्याचा बेस (खालचा जाड आवाज) काढून घेतात आणि नव्याचा बेस बसतो, आणि हे सगळं ठोका न चुकता. १२८ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांचा ट्रॅक असेल तर ३२ बार (चार ठोक्यांचा एक बार) बरोबर एका मिनिटात होतात, म्हणजे डीजे कधीकधी अख्खं एक मिनिट दोन ट्रॅक एकमेकांवर धरून ठेवतो आणि आपल्याला कळतही नाही की आपण एका गाण्यातून दुसऱ्यात कधी आलो. ज्याला मिक्स आवडतो तो त्या एका मिनिटासाठी ऐकतो. आणि अल्बमवर ट्रॅक नंबर बदलण्याची खूण बरेचदा नेमकी त्याच मिनिटात कुठेतरी असते, त्यामुळे तुमचा गॅप पडतो तो सगळ्यात नाजूक जागी पडतो.

आता माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते. माझा दादा दुसऱ्या शहरात असतो. कॉलेजात असताना त्याने मला एक मिक्स सीडी दिली होती, २२ भागांची, सव्वा तासाच्या जवळपास, मी या संगीतात आले तीच मुळी त्या सीडीमुळे. सीडी झिजून अडकायला लागली तेव्हा तोच मिक्स मला तुमच्या ॲपवर सापडला आणि खरं सांगते, मी पहिल्यांदा पैसे भरले ते तेवढ्यासाठी. तर दर शनिवारी रात्री आम्ही दोघं फोन लावतो, एक दोन तीन म्हणतो आणि दोघं एकदम प्ले दाबतो, तो लॅपटॉपवर आणि मी फोनवर हेडफोन लावून. बोलत फारसं नाही. मधेच तो ‘आला बघ’ म्हणतो आणि खरंच तेव्हाच बेस येतो. वर्षानुवर्षं असं चाललंय. दोन महिन्यांपूर्वीच्या शनिवारी तो ‘आला बघ’ म्हणाला आणि माझ्याकडे काहीच आलं नव्हतं. मग आलं, पण उशिरा. पुढच्या वेळी अजून उशिरा. शेवटाला तो टाळ्या वाजवून मोकळा झाला होता आणि माझा मिक्स चालूच होता.

मला आधी वाटलं नेटचा घोळ असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी मिक्स डाऊनलोड केला, फोन फ्लाइट मोडवर टाकला, वायरचा हेडफोन लावला म्हणजे ब्लूटूथवर पण ढकलता यायला नको, तरी तेच. मग फोनची वायर कॉम्प्युटरला जोडून सगळा मिक्स रेकॉर्ड केला आणि एडिटरमधे उघडून बघितला. स्क्रीनवर लाटेसारखी भरगच्च पट्टी जाते आणि जिथे ट्रॅक बदलतो तिथे एकदम सपाट रेघ, दोन्ही बाजूंनी कात्रीने कापल्यासारखी. मी प्रत्येक रेघ मोजली, सगळ्या ०.२ सेकंदाच्या आसपास. २२ भाग म्हणजे २१ सांधे, २१ गुणिले ०.२ म्हणजे ४.२ सेकंद. दादा माझ्यापुढे बरोबर तेवढाच निघून जातो. १२८ बीपीएमला एक बार १.८७५ सेकंदाचा असतो, म्हणजे दोन बारपेक्षा जास्त. आणि त्याच्या लॅपटॉपवरच्या तुमच्याच ॲपमधे एकही गॅप नाही, म्हणजे फाईल चांगली आहे, बिघाड तुमच्या फोनच्या ॲपमधे आहे.

०.२ सेकंदाने काय फरक पडतो असं चॅटवर एकाने विचारलं (उद्धटपणे नाही, खरंच कळत नव्हतं त्याला). दोन ठोक्यांत अंतर असतं ०.४७ सेकंदाचं. त्यात मधे ०.२ घुसवा. पाऊल पडायच्या वेळी जमीनच नसल्यासारखं होतं. तासभर शरीर एका लयीत बसलेलं असतं, श्वाससुद्धा त्याच्यावर चाललेला असतो, आणि दर तीन-चार मिनिटांनी कोणीतरी धक्का देतं. एक-दोनदा झाल्यावर तर आपण संगीत ऐकायचं सोडून पुढचा धक्का कधी येतोय याचीच वाट बघत बसतो, आणि माझ्यासाठी सगळ्यात वाईट काही झालं असेल तर ते हे.

तुमच्या टीमने दिलेले उपाय पण लिहिते म्हणजे परत तेच पाठवू नका. पहिला, कॅशे (ॲपने तात्पुरता साठवलेला डेटा) क्लिअर करा आणि ॲप काढून परत टाका. केलं. गॅप तसाच राहिला आणि माझे डाऊनलोड केलेले सगळे मिक्स उडाले, ते परत उतरवायला दोन रात्री गेल्या, असं होणार हे आधी कोणी सांगितलं नाही.

दुसरा उपाय, सेटिंगमधे जाऊन पाच सेकंदांचा क्रॉसफेड चालू करा. हे सुचवणाऱ्याने एकदा तरी मिक्स लावून ऐकावा अशी मनापासून विनंती आहे. क्रॉसफेड म्हणजे पहिल्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात एकमेकांवर चढवणं, सुट्या गाण्यांना ठीक आहे. पण मिक्समधे दोन भाग मुळात एकाच सलग रेकॉर्डिंगचे तुकडे असतात, पहिला जिथे थांबतो तिथूनच दुसरा सुरू होतो, तुम्ही दुसरा पाच सेकंद आधी ओढून आणलात तर पाच सेकंदांचं संगीतच खाल्लं. आणि १२८ बीपीएमला पाच सेकंदांत १०.६७ ठोके बसतात, पूर्ण आकडा नाही, त्यामुळे दोन ठोके एकमेकांवर न बसता आगेमागे पडतात, घोडा दौडत गेल्यासारखा आवाज येतो. डीजेने इतक्या मेहनतीने जुळवलेला सांधा तुमच्या सेटिंगने मोडला. गॅप परवडला पण हे नको.

तिसरं उत्तर होतं की ‘ही टेक्निकल मर्यादा आहे’. हे मला अजिबात मान्य नाही. सीडी १९८२ मधे बाजारात आली. सीडीवर ९९ पर्यंत ट्रॅक ठेवता येतात आणि ट्रॅकची खूण नुसती खूण असते, आवाज खालून सलग वाहत राहतो, माझ्या त्या जुन्या सीडीवर २२ खुणा होत्या आणि एकही गॅप नव्हता. एमपीथ्रीमधे अडचण होती हे खरं, कारण ती फाईल १,१५२ सॅम्पलच्या (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक बारीक मोजमाप) तुकड्यांत बनते, शेवटचा तुकडा पूर्ण भरला नाही की त्यात शांतता भरली जाते, सुरुवातीला पण थोडी लागते. पण किती शांतता भरली याची नोंद फाईलमधेच ठेवायची सोय कितीतरी वर्षांपूर्वी झाली, प्लेअरने ती वाचायची, तेवढा भाग कापायचा आणि पुढचा ट्रॅक आधीच उघडून तयार ठेवायचा, झालं. आणि एवढं सगळं सोडा, तुमच्याच ॲपमधे हे दोन महिन्यांपूर्वीपर्यंत नीट चालत होतं! जे काल जमत होतं ती आज मर्यादा कशी होते?

अजून एक गोष्ट याच्याशीच जोडलेली आहे. आवाजाची पातळी सारखी करायचं तुमचं जे सेटिंग आहे ते आता प्रत्येक ट्रॅकला वेगळं लागतंय. पूर्वी अल्बम सलग लावला की अख्ख्या अल्बमला एकच लागायचं. आता मिक्सचा शांत भाग आला की तो आपोआप मोठा होतो आणि पुढचा जोरदार भाग दाबला जातो, म्हणजे डीजे दहा मिनिटं जे चढवत आणतो ते तुम्ही सपाट करून देता. सेटिंग बंद केलं की हे जातं, पण मग बाकीची गाणी कुठे कानठळ्या बसवतात तर कुठे ऐकूच येत नाहीत.

आणि मिक्समधलाच एखादा भाग गायब होतो. माझ्या एका आवडत्या मिक्समधे १४ वा भाग करडा झालाय, दाबला तर वाजत नाही. लायसन्स संपतात हे मला कळतं, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण ॲप काहीही न सांगता १३ वरून थेट १५ वर उडी मारतं. पुस्तकातलं पान फाडलंत तर निदान फाडलंय हे दिसू तरी द्या.

मला वाटतं मूळ गोंधळ असा आहे की हे संगीत लोक कुठे आणि कसं ऐकतात हेच तुमच्याकडे कोणी विचारात घेत नाहीये. ॲपमधे इलेक्ट्रॉनिकचा कप्पा उघडला की पार्टी आणि वर्कआउट, बास. पार्टीत ऐकतातच, त्यात प्रश्न नाही. हाऊस हे नावच मुळी शिकागोच्या वेअरहाऊस नावाच्या क्लबवरून आलं असं मानतात, तिथे फ्रँकी नकल्स हा डीजे रात्रभर वाजवायचा, म्हणजे या संगीताचा जन्मच सलग वाजवण्यातून झालाय. पण क्लबमधून घरी आल्यावर पण लोक ऐकतात ना. मी सगळ्यात जास्त ऐकते ती रात्रीच्या प्रवासात, खिडकीला डोकं टेकून, दिवे मागे जातात आणि ठोका चालू असतो. ऑफिसात आकड्यांचं काम असलं की दोन तासांचा सेट (डीजेने एका बैठकीत सलग वाजवलेलं सगळं) लावते, सेट संपला की काम संपतं. माझी एक मैत्रीण फक्त घर आवरताना ड्रम अँड बेस ऐकते, एकजण फक्त अंधारात पडून ॲम्बियंट. बीबीसी रेडिओ वनचा इसेन्शियल मिक्स हा कार्यक्रम १९९३ पासून दोन दोन तासांचे सेट लावतोय, तो ९० मिनिटांच्या एका कॅसेटमधे मावायचा नाही तरी लोक दुसरी कॅसेट तयार ठेवून रेकॉर्ड करायचे आणि आठवडाभर ऐकायचे. कारण सगळा सलग पाहिजे. २०१० मधे डीजेंचे सेट इंटरनेटवर दाखवणारं बॉयलर रूम सुरू झालं तेव्हापासून कितीतरी लोक घरी बसून अख्खे सेट बघतात, साऊंडक्लाऊड आणि मिक्सक्लाऊडवर तासतासभराचे मिक्स एकाच फाईलमधे पडलेले असतात आणि ते मधे तुटायचा प्रश्नच येत नाही. माझ्या ओळखीचे बरेच जण याच कारणाने तिकडे गेले, काहीजण बँडकॅम्पवरून फाईल विकत घेऊन स्वतःच्या प्लेअरवर ऐकतात.

मी अजून गेले नाहीये. माझे सहा वर्षांत जमवलेले मिक्स तुमच्याकडे आहेत, तारखेनुसार लावलेले, काहींवर मी कुठे असताना ऐकला ते नावात लिहून ठेवलंय. आणि तो सीडीवाला मिक्स मला दुसरीकडे मिळालेला नाही.

तर मला हवंय ते असं. फोनच्या ॲपमधे ट्रॅक सलग वाजणं पूर्वीसारखं सुरू करा आणि किती दिवसांत होईल ती तारीख लेखी कळवा, ‘लवकरच’ हा शब्द नको. तोपर्यंत मला जुनं व्हर्जन टाकायची सोय करून द्या. अल्बम सलग लावलाय तेव्हा आवाजाची पातळी अल्बमला एकच लावा. भाग करडा असेल तर वाजवायच्या आधी स्क्रीनवर सांगा. आणि ज्या दोन महिन्यांचे पैसे मी भरले त्यात मी ज्यासाठी पैसे भरते तेच मिळालं नाही, त्या दोन महिन्यांची मुदत माझ्या खात्यात वाढवून द्या.

सोबत रेकॉर्डिंगची फाईल जोडलीय, २१ ही सांध्यांच्या वेळा सेकंदासकट वेगळ्या लिहून दिल्यात, फोनचं मॉडेल आणि ॲपचं व्हर्जन पण त्यातच आहे. तुमच्या टेक्निकल टीममधल्या कोणाला माझ्याशी बोलायचं असेल तर शनिवार रात्र सोडून कधीही फोन करा, मी उचलेन.

तुमची सहा वर्षांची ग्राहक
(नाव आणि खाते क्रमांक ईमेलच्या सुरुवातीला दिलाय)